नानांची जीप आणि हीटरचा रिले

डिसेंबरातली गोष्ट. शुक्रवारी रात्री अकरा वाजता, रिलीजच्या कॉलवर म्यूट होऊन बसलेलो असताना चुलतभावाचं व्हॉट्सॅप स्टेटस बघितलं. बावीस सेकंदांचा व्हिडिओ. पहाटेचा अंधार, धुकं, आमच्या मळ्यातल्या घरासमोरचा उतार आणि उतारावर आमची जीप. स्टिअरिंगवर नाना. मागे दोन गडी, आणि त्या दोघांच्या मध्ये, डोक्याला स्कार्फ गुंडाळून, पदर खोचून, दोन्ही हात फाळक्याला लावून जीप ढकलणारी माझी आई. खाली लिहिलेलं, 'आमच्याकडचा सेल्फ स्टार्टर'.

आईचं वय अठ्ठावन्न. (तिच्या गुडघ्यांचं विचाराल तर ऐंशी.)

सकाळी फोन केला. आई म्हणाली, "अरे एकदाच झालं ते. बॅटरी उतरली होती." नाना म्हणाले, "थंडी आहे, डिझेल गाडी आहे, चालायचंच." मग चुलतभावाला फोन लावला. तो म्हणाला, "एकदाच? दोन हिवाळे झाले असंच चाललंय. तुला माहीत नाही?"

नव्हतं माहीत. रोज फोन होतो, रोज "सगळं ठीक" असतं. असो.

आमचा मळा निफाड तालुक्यात. थंडीत बातम्यांत 'निफाडचा पारा घसरला' म्हणून येतं ना, तेच निफाड. तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून येतो आणि तो ५-६ अंशांवर आला की द्राक्षवाल्यांची झोप उडते. पहाटे बागेत शेकोट्या पेटवा, ठिबक सोडा, मणी तडकू नयेत म्हणून जे जमेल ते करा. आणि नेमक्या ह्याच दिवसांत बागेत कामाला माणसं लागतात. पलीकडच्या गावातल्या बायकांना आणायला आमची जीप जाते. साडेसहाला जीप तिथे दिसली नाही तर सहा पस्तीसला त्या दुसऱ्या कुणाच्या तरी पिकअपमध्ये बसलेल्या असतात. त्यांचंही बरोबर आहे, त्यांचा रोज बुडतो. म्हणजे जीप न लागणं हा आमच्याकडे हौसेचा विषय नाही.

जीप १९९६ची, माझ्यापेक्षा थोडी मोठी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिची काही चूक नाही. इतक्या थंडीत इतकी वर्षं उभं राहून माझेही कॉन्टॅक्ट जळाले असते.

तर शनिवारी बॅग भरली, मल्टिमीटर घेतला आणि पुण्याहून निघालो. मी सॉफ्टवेअरवाला. पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ओहमचा नियम सगळ्यांनाच होता, आणि रोजच्या नोकरीत मी दुसरं करतो तरी काय? लोकांनी लिहिलेल्या कोडमध्ये बिघाड शोधतो. जीपला तर फक्त चार सिलिंडर आहेत. (हा आत्मविश्वास लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.)

नानांचं निदान तयारच होतं. "बॅटरी. नवी टाकली की झालं." आणि हीटरचं म्हटल्यावर, "ट्रॅक्टरला कुठं हीटर आहे? तो लागतो की नाही अर्ध्या सेल्फमध्ये?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. नंतर वाचून काढलं, आणि ते मस्त आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं, तेच इथे वीस-बावीस पट दाबून. गरम इंजिनात ही हवा ५०० अंशांच्या वर जाते आणि तिच्यात डिझेलचा फवारा गेला की आपोआप पेट घेतो. ऑग्सबर्गला १८९७ साली रुडॉल्फ डिझेलचं इंजिन चाललं तेही ह्याच तत्त्वावर. पण इंजिन थंडगार असलं की आजूबाजूचं लोखंड ती उष्णता पिऊन टाकतं. त्यात थंडीत बॅटरी मंद, ऑइल घट्ट, सेल्फ हळू फिरतो, दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटायला भरपूर वेळ मिळतो. हवा पुरेशी तापत नाही, डिझेल पेटत नाही.

आता ट्रॅक्टर. ट्रॅक्टरमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीत फवारतात. आमच्या जीपमध्ये मात्र ते आधी हेडमधल्या लिंबाएवढ्या कप्प्यात फवारलं जातं, तिथे पेटतं आणि मग ज्वाळा खाली सिलिंडरमध्ये येते. ह्याने इंजिन जरा कमी खडखडतं, पण हवेला त्या कप्प्याच्या भिंती जास्त लागतात. चहा बशीत ओतला की लवकर निवतो ना, तसं. म्हणून जीपच्या त्या चार कप्प्यांत प्रत्येकी एक हीटर प्लग असतो. इंग्रजीत ग्लो प्लग. आमच्याकडे कुठल्याही गॅरेजात विचाराल तर 'हीटर'. म्हणजे नानांचा ट्रॅक्टर खरा होता, फक्त जीप ट्रॅक्टर नव्हती.

हीटर प्लग दिसायला साधा. खाली उदबत्तीपेक्षा जाड आणि पेन्सिलीपेक्षा बारीक अशी पोलादी नळी, तिच्यात तारेचं वेटोळं आणि भोवती ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. वरच्या बोल्टला प्लस, आणि आट्याचं अंग हेडला, म्हणजे अर्थ. किल्ली फिरवली की रिले ओढतो, बॅटरीचा करंट चारही प्लगना जातो आणि नळीचं टोक काही सेकंदांत हजार अंशांच्या जवळपास जाऊन लालभडक होतं. डॅशबोर्डवर वेटोळ्याच्या खुणेचा दिवा लागतो. दिवा विझला की सेल्फ मारायचा.

पहिला शोध असा. बॅटरी सकाळी १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.३. म्हणजे बॅटरी बरी. (नाना हिरमुसले.) सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर. ही खूण फार कामाची आहे. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. पंप, नोझल, फिल्टर सगळे आपापलं काम करतायत, डिझेल पोहोचतंय, फक्त पेटत नाही. धूरच आला नसता तर मी एअर धरलीय का, पाइप कुठे गळतोय, तिकडे गेलो असतो.

मग मी माझं नवं हत्यार काढलं. क्लॅम्प मीटर, ऑनलाइन मागवलेला. वायर न तोडता चिमट्यासारखा तिच्याभोवती धरायचा, आतून किती करंट जातोय ते दिसतं. चार प्लग म्हणजे सुरुवातीला ६०-७० अँपिअर, मग उतरत ४०-४५च्या आसपास. एवढं एक माप घेतलं तरी कळतं, कारण एक प्लग मेला की साधारण चौथा हिस्सा करंट कमी. प्लगला हातही न लावता अर्धं निदान!

चिमटा लावला, चुलतभावाने किल्ली फिरवली. शून्य.

पुन्हा. शून्य.

मी जाहीर करून टाकलं की करंटच जात नाहीये. नाना म्हणाले, "मग बोनेटखाली हा दिवा कसा मंद होतो किल्ली फिरवली की?" ते खरं होतं. हेडलाइट चालू ठेवून किल्ली फिरवली की ते किंचित मंदावत होते, म्हणजे मोठा करंट कुठेतरी जात होता. दहा मिनिटांनी मीटरच्या खोक्यामागचं बारीक अक्षर वाचलं. माझा क्लॅम्प फक्त एसी मोजणारा होता. घरातल्या वायरिंगचा. बॅटरीचा डीसी करंट त्याला दिसतच नाही. स्वस्त म्हणून घेतला होता. नाना काही बोलले नाहीत, फक्त "हं" म्हणाले, आणि ते "हं" मला अजून ऐकू येतंय.

मग साधा मार्ग. चारही प्लगना जोडणारी धातूची पट्टी असते. ती काढली, कारण पट्टी असताना चारही समांतर जोडलेले असतात आणि कुठला मेलाय ते कळत नाही. मग एकेका प्लगचा ओहम. चांगला प्लग थंड असताना एक ओहमच्या आत-बाहेर दाखवतो. (आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघायच्या. माझ्या वायरींचाच ०.३ निघाला, तो वजा केला.) पहिला ठीक, तिसरा ठीक. दुसरा आणि चौथा साफ तुटलेले.

सापडलं! दोन मेलेले प्लग. चारही बदलायचे ठरवलं. इंजिन गरम करून, आट्यावर आदल्या रात्री तेल सोडून, पाना इंच इंच फिरवत काढले. तिसरा अडला तेव्हा माझा घसा कोरडा पडला, कारण प्लगचं टोक हेडमध्ये तुटून राहिलं तर हेड उतरवण्यापर्यंत गोष्ट जाते. एकदा उलट, एकदा सुलट असं करत सुटला. काढलेले प्लग पक्कडीत धरून जंपर केबलने बॅटरीवर तापवून बघितले. हा प्रयोग जपून करा, हात आणि डोळे सांभाळून. ओहममध्ये 'ठीक' असलेल्या दोघांपैकी एक टोकाला लाल झाला, पण दुसरा भलतीकडेच, मधल्या अंगावर तापला आणि टोक काळंच राहिलं. म्हणजे ओहम बरोबर आणि काम चूक. ही सूचना होती मला. मी घेतली नाही.

रिलेचं काय? तेही तपासलं होतं मी, असं कसं. दिवा लागतो, वेळेत विझतो, किल्ली फिरवली की रिले 'टिक्' वाजतो. शिवाय प्लगची पट्टी सुटी असतानाच रिलेकडून येणाऱ्या वायरवर मीटर लावला, १२.४ व्होल्ट. क्लास! नवे प्लग बसवले, दुपारी दोनला सेल्फ मारला आणि जीप एका झटक्यात लागली. आईने शिरा केला. मी रविवारी रात्री पुण्यात परत.

(दुपारी दोनला निफाडात २८ अंश असतात. त्या तापमानाला ती जीप प्लग काढून फेकून दिले असते तरी लागली असती. टेस्टिंग कधी आणि कुठल्या परिस्थितीत करायचं हे ज्याला रोज पगार देऊन शिकवतात, त्याने हे केलं.)

पुढचे तीन-साडेतीन आठवडे रोज फोनवर विचारायचो, "लागते ना?"

आई, "लागते की."

नाना, "एकदम."

संक्रांतीच्या आधीच्या शुक्रवारी एक सुट्टी जोडून मिळाली आणि न कळवता घरी गेलो. पोचायला रात्रीचे साडेबारा वाजले. आईने उठून भाकरी-पिठलं वाढलं आणि दोनदा बजावलं, "उद्या उठायची घाई करू नको, झोप चांगला."

मी उठलो पावणेसहाला. का ते आधी कळलं नाही. सेल्फचा आवाज आलाच नव्हता. आवाज आला तो दगड सरकल्याचा. आमच्याकडे जीप रात्री उतारावरच लावतात, पुढच्या चाकाला एक मोठा काळा दगड. दगड सरकला, मग खडीवरून टायर फिरल्याची कुरकुर, मग दम लागल्यासारखा श्वास, आणि बऱ्याच खाली गेल्यावर धडधड करत इंजिन लागलं.

मला जाग येऊ नये म्हणून त्यांनी सेल्फ मारूनच बघितला नव्हता.

बाहेर आलो तेव्हा आई गुडघ्यावर हात टेकून उताराच्या मध्यावर उभी होती. मला बघून आधी स्कार्फ नीट केला. म्हणाली, "तू एवढ्या लांबून येऊन, खर्च करून प्लग टाकलेस. नाही लागत म्हटलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं." मग घरात जाता जाता, "आणि ती मधे मधे लागते पण, अगदीच खोटं नाही बोललो."

त्या सकाळी बरंच काही कळलं. पहिल्या हिवाळ्यात नाना एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटता बोळा धरून जीप चालू करायचे. जुनी पद्धत, तापलेली हवा आत ओढली जाते म्हणून चालतेही. एका पहाटे भुवया जळाल्या. (तेव्हाच्या व्हिडिओ कॉलला कॅमेरा 'बिघडला' होता, मला आठवतं.) आईने बोळा बंद केला, म्हणून धक्का सुरू झाला. सीटखाली स्टार्टिंग स्प्रेचा डबाही सापडला, कुणीतरी दिलेला. नशीब, वापरला नव्हता. त्या स्प्रेमध्ये ईथर असतं, ते १६०-१८० अंशांच्या आसपासच पेटतं. लालभडक हीटर असलेल्या इंजिनात ते मारलं तर पिस्टन वर यायच्या आधीच भडका उडतो, रिंगा नाहीतर पिस्टनच फुटतो. डबा मी पुण्याला घेऊन आलो.

दहा वाजता जीप गावातल्या इलेक्ट्रिशियन चाचांकडे नेली. पंचावन्न-साठीचे, दुकान म्हणजे पत्र्याची टपरी आणि समोर चार ट्रॅक्टर. मी त्यांना सगळा इतिहास व्यवस्थित सांगितला. प्लग नवे, रिले टिक् वाजतो, १२.४ व्होल्ट येतात. ते ऐकत होते आणि एकीकडे खुंटीवरून एक वस्तू काढत होते. हेडलाइटचा जुना बल्ब, त्याला दोन वायरी, टोकांना चिमटे. एवढंच.

"पट्टी जोडलेली असताना बघितलं का, भाऊ?"

"नाही, पट्टी काढून. वायरीवर."

त्यांनी बल्ब आधी बॅटरीवर लावून दाखवला. पांढराशुभ्र. मग पट्टीवर, चारही प्लग जोडलेले असताना. नानांनी किल्ली फिरवली. टिक्. बल्ब पेटला, पण कसा, तर देवघरातल्या समईसारखा. पिवळा, मिणमिणता.

"तुमचा मीटर खोटं नाही बोलत. पण तुम्ही त्याला वजन न देता विचारलं."

मी मीटर काढून तिथेच, प्लग जोडलेले असताना, माप घेतलं. बॅटरीवर ११.८. पट्टीवर ७.६. मधले चार व्होल्ट वाटेतच गायब. चाचांनी मीटरच्या एका पिनेला रिलेची येणारी बाजू आणि दुसरीला जाणारी बाजू धरायला सांगितलं. चांगल्या रिलेत इथे जवळजवळ शून्य यायला हवं, कारण बंद झालेला कॉन्टॅक्ट म्हणजे नुसता तांब्याचा तुकडा. आले ३.६ व्होल्ट. उरलेला थोडा भाग गंजक्या अर्थिंगचा होता.

आता गणित बघा. चाचांच्या शेजारच्या गॅरेजात डीसी मोजणारा क्लॅम्प होता (हो, खरा), त्यात करंट ३६ अँपिअर. रिलेत पडणारे ३.६ व्होल्ट गुणिले ३६ म्हणजे १३० वॅट. माझ्या सोल्डरिंगच्या इस्त्रीच्या दुपटीहून जास्त उष्णता त्या काडेपेटीएवढ्या रिलेत तयार होत होती. आणि प्लगना मिळत होते ७.६ गुणिले ३६, म्हणजे पावणेतीनशे वॅट, जिथे पाचशेच्या आसपास मिळायला हवेत. हीटर इंजिन तापवायचं सोडून रिले तापवत होता.

मीटर जेव्हा एकटा वायरीवर लावला होता तेव्हा करंट जवळपास वाहतच नव्हता. मीटर घेतो तो करंट इतका क्षुल्लक की जळक्या कॉन्टॅक्टमधूनही तो आरामात जातो, आणि करंट नाही तर व्होल्टेज पडणार कुठून? ओहमचाच नियम, पहिलं वर्ष, पहिलं प्रकरण. चाळीस अँपिअर ओढायला लागले की मग दिसतं.

फोनवर "लागते ना?" हाही तसलाच प्रश्न होता. त्याचं उत्तर कायम बारा पॉइंट चारच येणार होतं.

चाचांनी रिले उघडला. खालचं प्लास्टिक तपकिरी झालेलं, वास जुन्या इस्त्रीसारखा. कॉन्टॅक्टचे दोन्ही ठोकळे काळे आणि खड्डे पडलेले. टिक् वाजत होतं ते बरोबरच, कारण टिक् ही कॉइलच्या बाजूची गोष्ट. किल्लीचा छोटा करंट येतो, लोहचुंबक पट्टी ओढतो, पट्टी आपटते, आवाज येतो. आपटल्यावर पलीकडे किती करंट जातोय ह्याची टिक्‌ला काही खबर नसते. डॅशबोर्डवरच्या दिव्यालाही नसते. तो दिवा पाणी किती गार आहे ते बघून ठरलेले सेकंद मोजतो आणि विझतो, प्लग तापोत न तापोत. फार जुन्या काही डिझेल गाड्यांत म्हणे डॅशबोर्डवर जाळीमागे खरीखुरी तार असायची, प्लगच्याच सर्किटमध्ये जोडलेली. ती लाल झाली तरच प्लग लाल. त्यात प्लगही दिवाळीच्या जुन्या माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असायचे, एक गेला की सगळे गार. गैरसोयीचं होतं खरं, पण निदान खोटं बोलत नव्हतं.

एकदा कॉन्टॅक्ट थोडे जळले की त्यांचा रोध वाढतो, रोधाने उष्णता वाढते, उष्णतेने ते आणखी जळतात. दोन हिवाळ्यांत एवढी मजल. चाचांनी आधी पॉलिश पेपरने ठोकळे घासून रिले परत लावला, नुसतं पडताळून बघायला. पट्टीवर ७.६चे १०.४ झाले. "आता नवा आणा, हा आठवडाभर पण नाही टिकायचा." हे मला फार आवडलं. नवा पार्ट आणायच्या आधी हाच तो दोषी हे त्यांनी फुकटात सिद्ध केलं. मी चार प्लग आणले होते आणि मग बघितलं होतं.

नानांची वेगळीच मागणी होती. "रिले कशाला, डायरेक्ट बटण टाकून द्या. दाबून धरलं की झालं." अशी बटणं आमच्याकडे बऱ्याच गाड्यांना असतात. चाचाही तयार होते, गिऱ्हाईक म्हणेल तसं. मीच नको म्हटलं. नाना वीस सेकंदांच्या जागी मिनिटभर धरणार हे मला ठाऊक होतं (जास्त तापलं तर चांगलंच की!), आणि मग प्लग सुजतात, टोकं वितळतात. शिवाय ते बटण आणि ती वायर चाळीस अँपिअरची असायला हवी, ती कधीच नसते. थोडा वाद झाला. नाना म्हणाले, "गाडी माझी आहे." मी म्हटलं, "ढकलतं कोण?" त्यावर ते चहा आणायला गेले.

नवा रिले दुसऱ्या गावाहून यायला दुपार झाली. रिलेच्या बूडाचे टर्मिनल घासले, इंजिन आणि चॅसिसमधली अर्थिंगची जाळी काढून चकचकीत केली. ह्या वेळी मी दुपारी सेल्फ मारून शिरा खाल्ला नाही. जीप रात्रभर उघड्यावर ठेवली आणि पहाटे साडेपाचला, भावाकडचं थर्मामीटर ७ दाखवत असताना, बोनेट उघडून बसलो. शेजारच्या गॅरेजातून तो क्लॅम्प मागून आणला होता. किल्ली. टिक्. करंट ६८, मग उतरत उतरत पंधरा सेकंदांत ४४. पट्टीवर ११.२.

दिवा विझला. नानांनी सेल्फ मारला. दोन आचके, एक खोकला, थोडा पांढरा धूर, आणि जीप चारही सिलिंडरवर लागली. पहिल्या अर्ध्या मिनिटाचा खडखडाट धरून मला ते जगातलं सर्वांत सुंदर संगीत वाटलं. :)

मागे वळलो तर आई उभी होती. स्कार्फ बांधून, पदर खोचून, फाळक्याच्या मागे, नेहमीच्या जागी. सवयीने आली असणार. इंजिन लागल्यावरही क्षणभर हात तसेच पुढे होते. मग म्हणाली, "लागली होय?" आणि चहा ठेवायला आत गेली.

नाना बायकांना आणायला गेल्यावर मी तो काळा दगड उचलून गोठ्यामागे टाकून आलो. चांगलाच जड निघाला.

परवा व्हिडिओ कॉल झाला. हिवाळा संपत आला, जीप रोज लागते. ह्या वेळी मी "लागते ना?" विचारलं नाही, आईला म्हटलं, फोन घेऊन बाहेर जा आणि जीप दाखव. तिने दाखवली. जीप उतारावरच उभी होती, आणि पुढच्या चाकाला तोच दगड.

मी काही म्हणायच्या आत मागून नानांचा आवाज आला, "असू दे. राहू दे तिथंच."